पोर्ट ब्लेअर ते अगत्ती: विमानाचं अंतर नेमकं किती आणि वेळ किती धरायचा?

भूगोल_हिंगणघाट

नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या शाळेत नववीच्या मुलांकडून एक उपक्रम करून घेतेय. बंगालच्या उपसागरातलं पोर्ट ब्लेअर आणि अरबी समुद्रातलं, लक्षद्वीपमधलं अगत्ती, हे दोन बेटांवरचे विमानतळ घेतले आहेत. मुलांनी दोघांमधलं हवाई अंतर स्वतः काढायचं आणि प्रवासाला किती वेळ लागेल ते कारणांसह सांगायचं.

नेटवर पाहिलं तर एका ठिकाणी अंतर २,२४३, दुसऱ्या ठिकाणी २,२४६, आणखी दोन ठिकाणी १,३९४ आणि १,२११. वेळ कुठे अडीच तास, कुठे ३ तास १८ मिनिटं. तिकिटाच्या ॲपवर थेट विमान सापडतच नाही, एक रात्र मध्ये काढावी लागते असं दिसतं. मुलं विचारतात, मॅडम, यातलं खरं कोणतं? प्रत्येक आकडा कुठून आला ते समजावून सांगता आलं पाहिजे. शाळेत एक पृथ्वीगोल, भिंतीवरचा नकाशा आणि दोन सायंटिफिक कॅलक्युलेटर आहेत. तेवढ्यावर भागेल का?

---

अक्षांश_रेखांश

मॅडम, भागेल. आणि चारही आकडे बरोबर आहेत, फक्त एकक आणि पृथ्वीचा आकार वेगळा धरलाय. २,२४३ किलोमीटर म्हणजेच १,३९४ मैल, म्हणजेच १,२११ सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि विमानवाले त्यातच मोजतात. आकड्यापुढे एकक लिहिल्याशिवाय उत्तर तपासायचंच नाही, हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

२,२४३ आणि २,२४६ मधला फरक असा. पहिल्या हिशेबात पृथ्वी गोल धरली आहे, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. प्रत्यक्षात ती विषुववृत्तावर ६,३७८ आणि ध्रुवाकडे ६,३५७ आहे. आपला मार्ग विषुववृत्ताच्या जवळून जवळपास पूर्व-पश्चिम जातो, म्हणून चपटेपणा धरला की अंतर तीनेक किलोमीटर वाढतं. शाळेसाठी गोल पृथ्वी पुरे.

आता कॅलक्युलेटरवर. पोर्ट ब्लेअरचा विमानतळ ११.६४१ उत्तर, ९२.७३० पूर्व. अगत्तीचा १०.८२४ उत्तर, ७२.१७६ पूर्व.

अक्षांशांतला फरक ०.८१७ अंश. एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ९०.९ किलोमीटर. रेखांशांतला फरक २०.५५४ अंश. इथे नुसतं १११.२ ने गुणून चालत नाही, कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात. दोन्ही अक्षांशांची सरासरी ११.२३ अंश, तिचा कोसाइन ०.९८०९. मग २०.५५४ × १११.२ × ०.९८०९ = साधारण २,२४२ किलोमीटर. आता पायथागोरस: दोघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर २,२४३ ते २,२४४ मध्ये येतं. गोलावरचं पूर्ण सूत्र वापरलं तर २,२४३.१ येतं, म्हणजे नववीच्या गणितात आपण एका किलोमीटरच्या आत पोचलो. हे जमतं कारण दोन्ही बेटं विषुववृत्ताजवळ आणि जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. उत्तर युरोप किंवा अमेरिकेच्या लांब मार्गावर हीच रीत शेकडो किलोमीटर चुकवू शकते, हेही सांगून ठेवा.

मुलं कुठे चुकतील ते आधीच माहीत असलेलं बरं. कोसाइन विसरलं तर २,२८७ येतं, ४४ किलोमीटर जास्त. कॅलक्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) राहिला तर उत्तर साडेपाचशेच्या घरात जातं, असलं उत्तर दिसलं की सरळ मोड पाहायचा. सगळ्यात जास्त घोळ अंश-मिनिटांचा. नकाशासंग्रहात ११ अंश ३८ मिनिटं छापलेलं असतं आणि मुलं ११.३८ लिहितात. ३८ ला ६० ने भागायचं: ०.६३३, म्हणून ११.६३३. एवढ्या एका चुकीने ठिकाण २८ किलोमीटर दक्षिणेला सरकतं.

पृथ्वीगोलावर करायचं असेल तर आधी विषुववृत्तावर शिंप्याची टेप फिरवून घेर मोजा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर ९४ सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे १ सेंटिमीटर = ४२५ किलोमीटर. आपलं अंतर जेमतेम ५.३ सेंटिमीटर येईल. एक मिलिमीटर चुकला की ४२ किलोमीटर गेले, म्हणून दोरा नको. तो ताणतो आणि घसरतो. वहीच्या कागदाची अरुंद पट्टी कापून ताणून धरा आणि टोकदार पेन्सिलीने खूण करा.

पट्टी धरली की मार्गही दिसेल. पोर्ट ब्लेअरहून निघालेली सरळ रेषा चिदंबरमच्या थोड्या दक्षिणेला किनारा गाठते, इरोडच्या खालून आणि कोइम्बतूरच्या जरा वरून जाते आणि कोझिकोडच्या दक्षिणेला पुन्हा समुद्रावर निघते. २,२४३ पैकी सुमारे ४३० किलोमीटरच जमीन, बाकी सगळं पाणी.

---

उड्डाणपत्रक

वेळेचं मी सांगतो.

अडीच तास हा आकडा २,२४३ ला ९०० ने भागून आलाय. ९०० हा वेग विमान फक्त वर, सपाट उडताना गाठतं. ३ तास १८ मिनिटं काढणाऱ्याने ८०० ने भागून वर ३० मिनिटं मिळवली आहेत. दुसरी रीत वास्तवाच्या जवळची, आणि उपक्रमात तीच वापरा.

ती ३० मिनिटं कशाची? वेळापत्रकात छापतात तो वेळ चाकाखालचे अडसर काढल्यापासून उतरून पुन्हा अडसर लावेपर्यंतचा. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. एसटीच्या वेळेतही फलाटावरून मागे घेणं आणि गावातला रस्ता धरलेला असतो, तसंच हे. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, ३५,००० फुटांपर्यंत चढायला लागणारी वीस-पंचवीस मिनिटं ज्यात वेग कमी असतो, उतरताना दीड-दोनशे किलोमीटर आधीपासून कमी होणारा वेग, धावपट्टीच्या दिशेला वळून येणं, आणि शेवटी थांब्यापर्यंत पोचणं. हे सगळं अंतर कितीही असो लागतंच. म्हणून छोट्या मार्गावर सरासरी वेग फार कमी दिसतो.

पंख्याच्या एटीआर ७२ ला वेगळं सूत्र धरा: ४८० ने भागा आणि २५ मिनिटं मिळवा. ते विमान ५०० च्या आसपासच उडतं, पण कमी उंचीवर जातं म्हणून चढ-उतारात कमी वेळ घालवतं.

मुलांना पडताळा घ्यायला तीन खरे टप्पे देतो. पोर्ट ब्लेअर ते चेन्नई १,३७३ किलोमीटर, जेट: १०३ + ३० = २ तास १३ मिनिटं. चेन्नई ते कोची ५१८ किलोमीटर, जेट: ३९ + ३० = १ तास ९ मिनिटं. कोची ते अगत्ती ४६८ किलोमीटर, एटीआर: ५८ + २५ = १ तास २३ मिनिटं. कोणत्याही तिकिटाच्या ॲपवर या तीन टप्प्यांचे वेळ उघडून पाहा, पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जुळतील. कंपन्या उशीर झाकायला थोडी मिनिटं वर ठेवतात, म्हणून छापील वेळ सहसा आपल्यापेक्षा जास्तच निघेल.

---

वायगावची_हळद

ताई, एक गोष्ट राहून गेली, ते म्हणजे वारा. जातानाचा आन् येतानाचा वेळ सारखा काहून नसते, हे पोरं विचारतीलच.

आपल्याकडं पावसाळा चालू असते, जून ते सप्टेंबर, तवा दक्षिण भारतावर उंच आभाळात पूर्वेकडून पश्चिमेकडं जोराचा वारा वाहते. त्याचा सगळ्यात जास्त जोर १४-१५ किलोमीटरवर असते, पण जेट उडते त्या १०-११ किलोमीटरवर बी तो लागते. म्हणून पोर्ट ब्लेअरहून चेन्नईले येतानी वारा पाठीवर, चेन्नईहून जातानी तोंडावर. हिशोब करून पाह्यजा. विमानाचा हवेतला वेग ८३० आन् वारा ताशी ६० धरा. येतानी जमिनीवरचा वेग ८९०, म्हणजे १,३७३ किलोमीटरले ९३ मिनिटं. जातानी ७७०, म्हणजे १०७ मिनिटं. चौदा मिनिटांचा फरक, विमान तेच, रस्ता तोच.

आता गंमत अशी का खाली, ५-६ किलोमीटरच्या आत, त्याच महिन्यांत वारा बहुतेक उलटा असते, पश्चिमेकडून. तोच आपला पाऊस आणते. कोची-अगत्तीचं एटीआर त्याच उंचीवर उडते, म्हणून अगत्तीले जातानी समोरून वारा आन् परततानी पाठीवर. एकाच प्रवासात दोन वारे, दोन दिशेनं. पोरायले वहीत दोन बाण काढाले लावजा, एक वर आन् एक खाली.

हिवाळ्यात नागपूरच्या बाजूनं कोलकात्याले जाणारं विमान पश्चिमेच्या वाऱ्यानं लवकर पोचते न येतानी उशीर लागते. पण ११ अंशावर हिवाळ्यात वरचा वारा मंद असते, तिथं दोन्ही वेळा जवळपास सारख्या येतात.

ढगाचं बी सांगून ठेवतो. लोकायले वाटते ढगाले वळसा घातला का खूप वेळ जाते. तसं नाही. ४०० किलोमीटरच्या तुकड्यात मधोमध ६० किलोमीटर बाजूले सरकलं तर रस्ता वाढते फक्त १८ किलोमीटर, म्हणजे दीड मिनिट बी नाही. पायथागोरसनं पोरं सोताच काढतील: २०० आन् ६० चं कर्ण काढा, दुप्पट करा. वेळ जाते तो विमानतळावर पाऊस कोसळत असला न वर घिरट्या मारत थांबावं लागलं तं. एक घिरटी साधारण चार मिनिटांची: दोन बाजू एकेक मिनिट, दोन वळणं एकेक मिनिट.

---

भूगोल_हिंगणघाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रेडियनचं फारच उपयोगी पडलं, आज दोन गटांची उत्तरं तशीच आली होती.

एक प्रश्न अजून. थेट विमान नाही ते फक्त प्रवासी कमी म्हणून, की उडताच येत नाही? आणि दोन्ही ठिकाणी घड्याळ एकच असताना एका मुलीने विचारलं, पोर्ट ब्लेअरला सूर्य आधी उगवत असेल ना, मग तो फरक प्रवासाच्या वेळेत धरायचा का?

---

उड्डाणपत्रक

प्रवासी कमी हे तर आहेच, पण अडचण धावपट्टीपासून सुरू होते. अगत्ती हे प्रवाळाचं चिंचोळं बेट, लांबी साताठ किलोमीटर. धावपट्टी १,२०० मीटरच्या आसपास. पोर्ट ब्लेअरची ३,२०० मीटरच्या वर आहे. एअरबस ए३२० सारख्या जेटला भरलेलं असताना साधारण २,००० मीटर किंवा जास्त लागतात, म्हणून अगत्तीला एटीआर ७२ सारखी पंख्याची विमानंच उतरतात. आणि एटीआर सगळे प्रवासी घेऊन साधारण दीड हजार किलोमीटर जातं. अंतर २,२४३. जे विमान एवढं लांब जाऊ शकतं ते अगत्तीला उतरू शकत नाही आणि जे उतरू शकतं ते एवढं लांब जाऊ शकत नाही. एवढं एक वाक्य मुलांच्या फलकावर मोठ्या अक्षरात यायला हवं.

इंधनाचाही मुद्दा आहे. विमान निघतं तेव्हा ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर दुसरीकडे जाण्याइतकं इंधन घ्यावंच लागतं. नागपूरला उतरता आलं नाही तर आसपास जमिनीवर पर्याय आहेत. अगत्तीहून मोठे पर्याय थेट मुख्य भूमीवरच, कोची धरलं तर ४६८ किलोमीटर मागे. म्हणजे जाण्याचं इंधन, परत येण्याचं इंधन, आणि वर राखीव. त्यात आखूड धावपट्टीवर उतरताना वजनाची मर्यादा. दोन्ही एकत्र आलं की एटीआरमधल्या काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात किंवा सामान मागे राहतं. जवळ पर्यायच नसलेल्या एकाकी विमानतळासाठी आंतरराष्ट्रीय नियमात वेगळी तरतूद आहे: तिथवर पोचून वर आणखी दोन तास उडता येईल एवढं इंधन जेटने न्यायचं. बेटावरच्या विमानतळाचं गणित मुख्य भूमीपेक्षा वेगळं का, ते इथे कळतं.

---

अक्षांश_रेखांश

त्या मुलीचं कौतुक करा, प्रश्न फार चांगला आहे.

रेखांशांतला फरक २०.५५४ अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून सूर्याच्या हिशेबाने दोन बेटांत ८२ मिनिटांचा फरक आहे. पण दोन्हीकडे भारतीय प्रमाणवेळ, म्हणून प्रवासाच्या वेळेत काहीही मिळवायचं किंवा वजा करायचं नाही. ९ वाजता निघून २ तास १३ मिनिटांनी चेन्नईला घड्याळ ११:१३ च दाखवणार.

आता दोन्ही रेखांशांची सरासरी काढायला सांगा. ९२.७३० आणि ७२.१७६ ची सरासरी ८२.४५३. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून धरलेली आहे! म्हणजे ही दोन बेटं प्रमाणवेळेच्या रेषेपासून जवळजवळ समान अंतरावर आहेत. पोर्ट ब्लेअरचा सूर्य घड्याळाच्या सरासरी ४१ मिनिटं पुढे, अगत्तीचा ४१ मिनिटं मागे. उपक्रमाला यापेक्षा चांगली जोडी निवडता आली नसती.

सूर्याचा फरक वेळेत धरायचा नसला तरी प्रवासात तो जाणवतो. डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा अगत्तीला चांगलं ऊन असतं. अगत्तीची नेहमीची उड्डाणं दिवसाउजेडीच होतात, त्यामुळे पश्चिमेकडे जाणाऱ्याला उजेडाची थोडी जास्त सवड मिळते.

---

तिकीट_खिडकी

थोडं प्रत्यक्ष प्रवासाचं, कारण फलकावर तेही हवंच.

वरच्या तीन टप्प्यांची बेरीज ४ तास ४५ मिनिटं आणि २,३५९ किलोमीटर. सरळ रेषेपेक्षा फक्त ११६ किलोमीटर जास्त. तरी दोन दिवस लागतात, आणि ते अंतरामुळे नाही. पोर्ट ब्लेअरची बहुतेक उड्डाणं सकाळ-दुपारची असतात आणि अगत्तीचीही दिवसाची. पोर्ट ब्लेअरहून निघून चेन्नई, मग कोची, तोवर त्या दिवसाचं अगत्तीचं विमान निघून गेलेलं असतं. म्हणून मुक्काम कोचीला धरायचा. बंगळूरहूनही अगत्तीला विमान असतं, ६५७ किलोमीटर, पावणेदोन तास. वार आणि हंगामाप्रमाणे वेळापत्रक बदलतं, त्या तारखेचं पाहूनच ठरवा.

टप्पे वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. सामान प्रत्येक ठिकाणी पट्ट्यावरून घेऊन पुन्हा जमा करावं लागतं. सामानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. त्यामुळे दोन तिकिटांत किमान तीन तास ठेवा, आणि बेटाकडे जाणाऱ्या टप्प्याआधी शक्यतो रात्र. सामानाची मर्यादा तीन टप्प्यांत वेगळी असू शकते. सगळ्यात कमी असेल तिच्याप्रमाणे पिशवी भरा, ती बहुधा एटीआरचीच निघेल.

लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, आपण भारतीय असलो तरीही. तो हातात आल्याशिवाय अगत्तीचं तिकीट काढू नका. पोर्ट ब्लेअरला भारतीयांना तसा परवाना लागत नाही. शोधताना एक अडचण येते: पोर्ट ब्लेअर शहराचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. काही ॲपवर नवं नाव आहे, काहींवर जुनंच. विमानतळाचा तीन अक्षरी कोड बदललेला नाही, आयएक्सझेड. अगत्तीचा एजीएक्स. कोड टाकलात की गोंधळ होत नाही.

हिंगणघाटहून निघायचं तर जाम, बुटीबोरी करत सोनेगावचा विमानतळ नागपूर शहरात शिरायच्या आधीच लागतो. पण सकाळच्या विमानाला वर्धा रोडवरच्या ट्रकच्या गर्दीची अर्धा-पाऊण तास वेगळी सवड ठेवा. पैसे वाचवायचे असतील तर रेल्वेने चेन्नई, तिथे सेंट्रलहून मेट्रो थेट विमानतळावर जाते.

---

भूगोल_हिंगणघाट

फारच छान. मुलांनी आता नागपूर ते पोर्ट ब्लेअर काढायचं ठरवलंय. उत्तर तपासायला मला आकडा देऊन ठेवाल का?

---

अक्षांश_रेखांश

नागपूरचा विमानतळ २१.०९२ उत्तर, ७९.०४७ पूर्व. अक्षांशांतला फरक ९.४५१, रेखांशांतला १३.६८३, सरासरी अक्षांश १६.३७, त्याचा कोसाइन ०.९५९५. उत्तर-दक्षिण १,०५१ किलोमीटर, पूर्व-पश्चिम १,४६०. पायथागोरसने १,७९९ येईल. गोलावरच्या पूर्ण सूत्राने १,७९७. इथे फरक दोन किलोमीटर झाला कारण नागपूर विषुववृत्तापासून जास्त लांब आहे आणि मार्ग तिरपा आहे. थेट जेट असतं तर १३५ + ३० = २ तास ४५ मिनिटं. १,७९० ते १,८१० मधलं उत्तर बरोबर धरा. १,८५० च्या आसपास आलं तर कोसाइन राहिलाय.